रिमची फट

मडगार्डला चुना लागला होता.

सकाळी माझा नवरा दिगंबर पिकअप घेऊन कोल्हापूरहून परत आला, गाडी अंगणात लावली आणि "चाय ठेव गो, शैले" म्हणत विहिरीवर तोंड धुवायला गेला. मासळीचं खारं पाणी गाडीवर वाळू नये म्हणून मी रोज बादली घेऊन गाडी धूत असे. त्या दिवशी डाव्या बाजूच्या पुढच्या चाकावर, मडगार्डच्या कडेला, पांढरा ओरखडा दिसला. बोटाने पुसला तर बोटावर चुना आला. आमच्या बंदरापासून कोल्हापूरपर्यंत चुना फासलेली गोष्ट एकच, घाटातल्या वळणांवरचे कठडे. कठड्यांच्या पलीकडे दरी आहे.

"हो चुनो खयचो?" मी विचारलं.

"खयचो म्हंजे? लागलो असतलो बाजारात."

"बाजारात चुनो खय असता? बांगड्यांका फासतत काय?"

तो हसला. दिगंबरला सगळ्यावर हसायची सवय होती. पावसात छप्पर गळलं तरी हसायचा, डोकं आपटलं तरी हसायचा. "स्टेरिंग वायच डावीकडे ओढता गो. त्या चाकातली हवा जाता, म्हणान वळणावर वायच घासली असतली. पुढे हवा भरून घेतलंय नि इलंय. चाय दी, माका झोप इली."

चहा पिऊन तो झोपायला गेला. मी बादली घेऊन तशीच अंगणात उभी राहिले.

मी जात्याच भित्री. माहेरी मला भित्री भागूबाई म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. पालीला भ्यायचे, विजेला भ्यायचे, लग्न होऊन बंदरावर आले तेव्हा समुद्राला भ्यायचे. सासरी येऊन दोन पावसाळे झाले तरी भरतीचा आवाज ऐकला की मला झोप लागत नसे. पण या भित्रेपणाची मला सवय झाली होती. हे चुन्याचं भय निराळं होतं. ते बोटावर आलं होतं आणि धुतलं तरी जात नव्हतं.

त्या चाकाचं दुखणं महिनाभराचं होतं. संध्याकाळी हवा भरावी आणि सकाळी चाक बसलेलं असावं. पंक्चरवाल्याने दोनदा पाहिलं, ना खिळा ना काटा. तालुक्याच्या टायरवाल्याने मात्र खरं सांगितलं. रोज बर्फाचं खारं पाणी गळून लोखंडी रिमची कड गंजली होती, आणि ट्यूब नसलेला टायर जिथे रिमला घट्ट धरतो तिथूनच हवा निसटत होती. रिम बदला, म्हणाला. पण रिम बाहेरगावाहून यायची, तोवर गाडी उभी ठेवायची, आणि दिवस बांगड्याचे. बंदरावर मासळीचे ढीग पडत होते. स्टेपनी आधीच झिजून पार गुळगुळीत झालेली. दिगंबर म्हणाला, हवा भरायची आणि चालवायची, त्यात काय एवढं!

त्यात काय एवढं ते आता मडगार्डवर लिहिलेलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं माझं झालं. मला ते वळण दिसायला लागलं. मासळीने भरलेली गाडी दिसली, डावीकडे ओढलं जाणारं स्टिअरिंग दिसलं, आणि हसणारा माझा नवरा दिसला. संध्याकाळी तो परत त्याच चाकावर जाणार होता. भांडून तो थांबला नसता. भांडले की तो अजूनच हसायचा.

माझ्या वडिलांचं कणकवलीजवळ सायकलचं दुकान होतं. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधण्यात माझं बालपण गेलं. चाकात हवा कशी राहते आणि कशी जाते हे मला कळत होतं. पण मोटारीचं चाक सोडवणं, टायर रिमवरून खाली पाडणं, ती कड घासून बुजवणं, हे एकटीचं काम नव्हतं. आणि घरात दुसरं माणूस एकच होतं.

माझे सासरे मागच्या पडवीत बसले होते. सगळं बंदर त्यांना धाकूबाबा म्हणायचं. एके काळी होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी बुजवण्यात त्यांचा हात धरणारा किनाऱ्यावर कुणी नव्हता. फटीत कापूस ठासायचा, वरून राळ नि तेल द्यायचं, की आत थेंब येत नसे. पण माझं लग्न व्हायच्या आधी थोरला मुलगा जयवंत होडीसकट बुडाला. त्या होडीच्या फटी धाकूबाबांनीच भरलेल्या होत्या. तेव्हापासून त्यांनी हत्याराला हात लावला नव्हता. त्यांची हत्यारं गोणपाटात गुंडाळून वाशाला टांगलेली असायची.

तेव्हापासून बाप-लेक एकमेकांशी बोलतही नव्हते. भांडण कुणी पाहिलं नव्हतं. एकाच ओसरीवर बसून दोघे जेवायचे आणि मधे मी असायचे. "बाबांका विचार भात होयो काय," असं दिगंबर म्हणायचा, आणि बाबा समोरच बसलेले असायचे. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

"बाबांनू," मी म्हटलं, "माका तुमची मदत होई."

"कसली?"

मी चाकाचं सांगितलं. रिमची कड, गंज, निसटणारी हवा. ते ऐकत होते, पण नजर समोरच्या माडावर होती.

"म्हंजे फटच ती," ते म्हणाले.

"फटच."

"मी आता खयच्याच फटीक हात लावूचंय नाय, बाय. तुका म्हायत आसा."

"हात मी लावतंय. तुमी नुसता सांगा."

त्यांनी मान हलवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी चुन्याचं बोट त्यांच्यापुढे धरलं. "हो गाडीक लागललो. घाटातल्या कठड्याचो."

धाकूबाबांनी ते बोट बघितलं. मग खांबाला धरून उठले आणि वाशाचं गोणपाट काढण्यासाठी हात वर केला. हात इतका थरथरत होता की गाठ शेवटी मीच सोडली.

चाक उतरवण्यापर्यंत सगळं नीट झालं. गाडीखाली जॅक लावला, बाकीच्या चाकांना दगड लावले. धाकूबाबांनी होड्यांखाली द्यायचे जाड ओंडके मला आणायला लावले, ते गाडीच्या पोटाखाली सरकवले आणि जॅक मोकळा करून घेतला. चाक आडवं टाकून मी पायाच्या पंपाने त्यात हवा मारली आणि कडेने साबणाचं पाणी ओतलं. थोडा वेळ काही नाही. मग एका बाजूला, वीतभर लांबीत, बारीक पांढरा फेस उगवायला लागला. मुंगीच्या अंड्यांएवढे बुडबुडे, एकामागून एक.

"रडता बघ," धाकूबाबा म्हणाले.

होडीची फट पाझरायला लागली की ती रडते म्हणायची इथे पद्धत होती.

हवा काढून टाकली. आता टायरची कड रिमवरून खाली पाडायची होती, आणि ती लोखंडाला चिकटून बसली होती. मी टायरवर उभी राहून उड्या मारल्या. ती हलेना. तेव्हा धाकूबाबांनी चाक गाडीच्या पुढच्या भागाखाली सरकवायला सांगितलं. टायरच्या कडेवर फळी ठेवली, फळीवर जॅक, आणि जॅकचं डोकं गाडीच्या सांगाड्याला. जॅक वर चढला की गाडीचं सगळं वजन फळीवर यायचं.

"फिरव," ते म्हणाले.

मी जॅकचा दांडा फिरवू लागले. फळी करकरली. टायर दबला, पण सुटेना. गाडी मात्र ओंडक्यावरून उचलली जायला लागली. ओंडका आणि गाडी यांच्यामधून मला पलीकडचं तुळशीवृंदावन दिसलं. गाडी डुलली. एक दगड मागच्या चाकाखालून घसरला आणि मी थांबले.

"बाबा, पडतली!"

"पडाची नाय. फिरव."

"माका भय वाटता."

"माका पण वाटता. फिरव, थांबा नको!"

मी डोळे मिटून दांडा फिरवला. थप्प करून आवाज झाला आणि टायरची कड खाली पडली. गाडी ओंडक्यावर टेकली. मी तिथेच मातीत बसले. उन्हाळ्याचं ऊन डोक्यावर आणि मला हुडहुडी. धाकूबाबा माझ्याजवळ आले आणि खाली बसले. त्यांनाही धाप लागली होती.

टायर आणि रिमच्या मधे आम्ही लाकडाच्या पाचरी ठोकल्या, तेव्हा आतली कड दिसली. लोखंडाचे पापुद्रे सुटलेले, मधे खड्डे पडलेले. मी पॉलिश पेपरने घासायला लागले. तेवढ्यात धाकूबाबा गोणपाटातून कापसाचा पेळू काढून वळायला लागले.

"ह्या कित्याक?"

"फटीत ठासूक."

"बाबांनू, ही होडी नाय. कापूस ठासलात तर टायर रिमवर बसाचोच नाय, उलट हवा जास्त जायत. होडीत पाणी भायरसून आत येता, हयसर वारो आतसून भायर जाता."

त्यांनी थोडा विचार केला. मग हसले. मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते. "माका शिकयतस?" म्हणाले. "बरा. मगे तूच सांग कशान भरतलंस ता."

"सोल्युशनान. पंक्चर काढतत ना, ता. तेल नको, तेलान रबर खराब होता."

"पातळ लावूचा, एक हात. सुकांदे. मगे दुसरो हात."

तिथून पुढे आम्ही दोघे मिळून एकच माणूस झालो. माझे हात आणि त्यांचा अंगठा. मी घासून थांबले की ते डोळे मिटून कडेवरून अंगठा फिरवायचे. अंगठाही थरथरत होता, पण जिथे खड्डा असेल तिथे बरोबर थांबायचा. "हय. अजून." मी परत घासायचे. कड गुळगुळीत झाल्यावर मी सोल्युशनचा पहिला हात दिला आणि उन्हाला वाळू दिला. मग दुसरा.

सूर्य माडाच्या मागे कलला. दिगंबर उठायची वेळ होत आली. तो उठायच्या आधी चाक बसवलेलं असलं की त्याला हसायलासुद्धा जागा उरणार नाही, असा माझा हिशेब होता. मी पाचरी काढायला हात घातला.

धाकूबाबांनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, इतकं की दुखलं.

"सुकला नाय."

"वरसून सुकला, बाबा. बघा हात लावून."

"वरसून सुकता. आतसून ओला रवता. रवांदे."

"ते उठतले आता."

"उठांदे!" ते एवढ्या जोरात म्हणाले की मी दचकले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी ओळखलं. दुसऱ्या कुणी ओळखलं नसतं, पण मी भयातलीच. ते भय होतं, आणि आजचं नव्हतं. मी हात मागे घेतला. आम्ही दोघे चाकाशेजारी बसून राहिलो आणि घरातून येणारं दिगंबरचं घोरणं ऐकत राहिलो.

शेवटी त्यांनी अंगठा लावला आणि मान डोलावली. मी पाचरी काढल्या. टायर आता रिमवर सैल पडला होता. पंपाने कितीही हवा मारली तरी कडेने निघून जात होती. धाकूबाबांनी होडीचा दोर आणला, टायरभोवती वेढा दिला, दोरात दांडका घालून पीळ देत गेले. दोर आवळला तसा टायर मधे दबला आणि कडा रिमकडे सरकल्या. पीळ धरून ते वाकून उभे राहिले. दांडका सुटला असता तर तोंडावरच बसला असता. मी कडांना साबण लावून पंप मारायला लागले. हवा थांबली. टायर फुगायला लागला.

"दोर सैल करा, बाबा. हळू. पुरो सोडा आता."

त्यांनी दोर सोडला आणि बाजूला झाले. मी पंप मारत राहिले. टायर कुरकुरला. माझे कान त्या आवाजाकडे लागले होते आणि पाय पळायच्या तयारीत होते.

ठाप्प!

टायरची कड रिमवर जागच्या जागी बसल्याचा तो आवाज होता. वडिलांच्या दुकानात मी तसे आवाज ऐकले होते, पण हा बंदुकीसारखा झाला. कावळे उडाले. आणि घरातून दिगंबर उघड्या अंगाने धावत बाहेर आला.

"काय झाला? कोणाक लागला?"

त्याने मला पाहिलं, चाक पाहिलं, दोर पाहिला. मग दोराशेजारी उभ्या असलेल्या बापाला पाहिलं. त्याचं हसू गेलं. त्याचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"हेंका कोणी हात लावूक सांगितल्यान?" त्याने मला विचारलं.

"मी सांगितलंय. हवा आता जायत नाय. बघ, साबणाचा पाणी घाल—"

"हेंनी भरलेल्या फटीत माजो भाव गेलो. आता माका धाडतस?"

मी धाकूबाबांकडे बघू शकले नाही. मग दिगंबर मला उद्देशून, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तेंका सांग, मी स्टेपनी लावून जातलंय."

"ती गुळगुळीत आसा!" मी ओरडले. "तुजा डोक्या फिरला काय? चुनो मी पुसलंय आज सकाळी! मी!" आणि मला रडू फुटलं. मी पदरात तोंड घालून रडत होते, भ्यायले होते आणि संतापलेही होते. सगळं एकदमच आलं.

मला धाकूबाबांचा आवाज आला. ते माझ्याशी बोलत नव्हते. ते थेट मुलाशी बोलत होते.

"दिगू. बंदराची रीत काय आसा?"

दिगंबरने मातीत पडलेल्या दोराकडे पाहिलं.

"जो फट भरता, तो पयल्या फेरीक होडीत बसता. खरा काय नाय?"

"खरा."

"जयवंताच्या होडीत मी बसलंय होतंय. तुका म्हायत नाय. कोणाकच म्हायत नाय." त्यांनी ओठ ओले केले. "फट सुकली नव्हती. वरसून सुकली होती, आतसून ओली. मी तेका सांगलंय, उद्या जा. तो हसलो. तुज्यासारखोच हसायचो तो. म्हणालो, बाबा, एवढा काय त्यात! मी होडीत बसलंय होतंय, आणि माका भय वाटला. मी उतारलंय. तो गेलो."

दिगंबर खाली बसला. मडगार्डला टेकून, चुन्याच्या ओरखड्यापाशीच बसला. लिलावाहून मासळीच्या पेट्या यायला लागल्या तेव्हा उठला आणि ते चाक उचलून गाडीला लावायला लागला.

गाडी भरून झाली. दिगंबर चालकाच्या जागी बसला. धाकूबाबांनी धुवट सदरा घातला, वहाणा घातल्या आणि दुसऱ्या बाजूने वर चढून बसले. दिगंबरने त्यांना उतरा म्हटलं नाही.

मी दारात उभी होते. दोघे जाणार आणि मी मागे राहणार. भरतीचा आवाज ऐकत रात्र काढणार आणि सकाळी रस्त्याकडे बघत बसणार. ते माझ्याने होणार नव्हतं. आणि मला उमगलं की ते करायची गरजही नव्हती. फट माझ्या हातांनी भरली होती.

मी दार ओढून घेतलं, कडी लावली आणि केबिनचं दार उघडलं. "सरका," म्हटलं.

"तू खय चललंस?" दिगंबर म्हणाला.

"पयल्या फेरीक."

"घाटात रडतलंस."

"रडान. सरका!"

मी खरंच रडले. पहिल्या वळणालाच रडले, पण आवाज न करता. वर चढताना गाडी मंद होती. प्रत्येक वळणाला माझा पाय आपोआप खाली दाबला जायचा, जसा काही ब्रेक माझ्याच पायाखाली होता. धाकूबाबांचे हात गुडघ्यांवर होते. एकदा गाडी डावीकडे झुकली आणि माझा हात त्यांच्या हातावर गेला. तो काढायचं धैर्य मला कोल्हापूर येईपर्यंत झालं नाही.

बाजारात पेट्या उतरल्या आणि उजाडताना आम्ही परत निघालो. रिकामी गाडी घाटातून खाली उतरायला लागली तेव्हा दरीत धुकं होतं. उतरणीचं भय चढणीच्या दुप्पट असतं. एका वळणावर दिगंबरने गाडी थांबवली. मी म्हटलं, संपलं, हवा गेली.

कठड्यावर आमच्या गाडीचा निळा रंग लागला होता. कठड्याचा एक दगड बाहेर निघाला होता आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं, नुसतं धुकं. दिगंबर खाली उतरला. वाकून चाकावर अंगठा दाबला. मग वाल्व्हला हवेचं मीटर लावलं आणि त्याकडे बघत राहिला. परत येऊन बसला, पण गाडी सुरू केली नाही.

"काल हयसर," तो समोर बघून म्हणाला, "पाय ब्रेकार होतो, आणि गाडी ऐकाच ना. माका वाटला, गेलंय मी." थोड्या वेळाने म्हणाला, "शैलेक मी सांगितलंय नाय. हसलंय."

धाकूबाबा म्हणाले, "हवा?"

"तेवढीच आसा."

"मगे चल."

बंदरावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. गाडी अंगणात उभी राहिली. मी उडी मारून उतरले. दिगंबर पलीकडून उतरला. धाकूबाबा मात्र जागचे हलले नाहीत. डोळे मिटलेले, मान मागे टेकलेली, हात गुडघ्यांवर. मी हाक मारली. उत्तर नाही.

दिगंबर फिरून त्यांच्या दाराशी आला. "बाबा," तो म्हणाला. मी त्या घरात आल्यापासून त्याच्या तोंडून ती हाक पहिल्यांदाच ऐकली. "बाबा, उतरा. घर इला."

धाकूबाबांनी डोळे उघडले. घराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दिगंबरकडे.

"पोचलंव?"

"पोचलंव."

"सगळे?"

दाराला धरलेला दिगंबरचा हात मला दिसत होता. मग त्याने तो हात बापापुढे केला.

"सगळे, बाबा."

तेव्हा धाकूबाबा उतरले.